पाठीचं माप

टाचणी बोटात घुसली आणि मला कळलंसुद्धा नाही. पांढऱ्या अस्तरावर लाल ठिपका दिसला तेव्हा मी आधी धाकट्या भावावर ओरडलो, "अस्तरावर काय सांडून ठेवलंस?" तो मशीनवरून उठून आला, माझा उजवा हात वर धरला आणि तर्जनीतली टाचणी उपटून माझ्या नाकासमोर नाचवली. चाळीस वर्षं कोट बेतणाऱ्या माणसाला टाचणी टोचल्याचं कळू नये! मी ती त्याच्या हातातून हिसकावली आणि म्हणालो, "कामाला लाग."

ओरडलो खरा, पण मी घाबरलो होतो. महिनाभर अंगठा आणि शेजारची दोन बोटं अशीच मुकी झाली होती. खडू हातात आहे की सुटला, ते खाली बघितल्याशिवाय समजत नव्हतं. रात्री हाताला मुंग्या यायच्या आणि मी उठून बसायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. टाचणीने सगळं उघडं पाडलं.

आमचं दुकान तीन माणसांचं. मी माप घेतो आणि कापतो. भाऊ मशीनवर शिवतो. बायको खिडकीपाशी बसून काज, बटणं, अस्तराचे टाके, सगळं हाताचं काम करते. भावाची शिलाई अशी की उलटी करून बघितली तरी सुलटी वाटावी, पण कात्री हातात घेतली की त्याला घाम फुटतो. एकदा त्याने एका पँटचे दोन्ही पाय डावे कापले होते. म्हणजे माझा हात गेला की कोट गेले, आणि कोट गेले की उरणार काय, तर चेन बदलणं आणि तयार पँटींचे पाय आखूड करणं. त्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण मी त्यासाठी जन्माला आलो नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टरने मानेचा फोटो काढायला लावला आणि म्हणाला, "मानेत शीर दबली आहे. चाळीस वर्षं मान खाली घालून काम केलंत ना?"

"मान खाली घालूनच पोट भरतं," मी म्हणालो.

"आता मान वर करायला शिका. सहा महिने रीतसर व्यायाम करा. हात सुधारला तर उत्तम, नाहीतर पुढचं बघू."

पुढचं म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

योगाच्या वर्गाचं डोक्यात भरवलं ते आमच्या भूगोलाच्या सरांनी. हे सर आमचं पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्तीला आलेले. ते बटण लावून घ्यायला आले होते. बायकोने, मला न विचारता, माझ्या हाताची कहाणी त्यांना ऐकवली. सर म्हणाले, "मास्तर, माझ्याबरोबर चला. मी दोन वर्षं जातोय. सकाळी सात ते आठ. आठ वाजता तुम्ही कात्रीला मोकळे."

"सर, मी काही जमिनीवर लोळणारा माणूस नाही."

"अहो, आम्ही तरी कुठे लोळणारे होतो?"

मी नाक मुरडलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि म्हणाली, "दुकान मी उघडते. तुम्ही जा." तिच्या या 'तुम्ही जा'पुढे मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच हात टेकले होते.

वर्ग भरायचा एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. लांबलचक लाकडी जमीन, तीन मोठ्या खिडक्या, भिंतींना कमरेच्या जरा वर फिरवलेला निळ्या रंगाचा पट्टा. पंधरावीस माणसं. शिकवणारी बाई पूर्वी इस्पितळात नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणायचे. आवाज असा की आजारी माणूस भीतीनेच उठून बसावा. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पहिल्या रांगेत, अगदी तिच्या डोळ्यांसमोर उभं केलं. "तुम्ही इथेच थांबायचं. नवीन माणूस मागे गेला की अंग चोरतो."

पहिल्याच दिवशी पालथं झोपून छाती वर उचलायची होती. मी पालथा झालो आणि किंचाळलो. सदऱ्याच्या खिशावर रोजच्या सवयीने खोचलेल्या चार टाचण्या छातीत शिरल्या होत्या. बोटं बधिर असली तरी छाती चांगलीच जागी होती. सिस्टर वाकून म्हणाली, "मास्तर, इथे हत्यारं बाहेर ठेवून यायचं." सगळा वर्ग हसला. मला त्या सगळ्यांची मापं पाठ असती तर प्रत्येकाचा कोट मी एकेक इंच आखूड करून दिला असता.

तिसऱ्या दिवशी तिने आणखी एक पकडलं. "तुम्ही श्वास घेत नाही."

"म्हणजे काय? जिवंत आहे की."

"हात वर नेताना तुम्ही श्वास कोंडून धरता. खाली येईपर्यंत सोडत नाही. का?"

मी घरी जाईपर्यंत विचार करत होतो आणि दुकानात कात्री उचलल्यावर उत्तर मिळालं. कापडावर लांब रेघ कापताना मी श्वास रोखतो. वडिलांनी तसंच शिकवलं होतं, हात हलू नये म्हणून. पाठीचा एक तुकडा कापायचा म्हणजे मुंढ्यापासून, बाही जोडतात त्या गोलाईपासून, खालपर्यंत एका दमात जायचं. दिवसातून चाळीस वेळा, वर्षानुवर्षं. शिवाय ओठांत टाचण्या, म्हणजे दात आवळलेले. मी दिवसभर शरीराची मूठ वळून काम करत होतो आणि संध्याकाळी सगळ्यांवर खेकसत होतो. दोन्हींचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. वाटलं असतं तरी मी कबूल केलं नसतं.

सिस्टरला सांगितलं तर ती म्हणाली, "मग कापताना सोडत जा श्वास. हळूहळू. बघा कात्री कुठे पळून जाते का."

मी जुन्या चादरीवर करून बघितलं. श्वास सोडत सोडत कात्री पुढे नेली. पहिल्यांदा रेघ वेडीवाकडी गेली. आठवड्याभराने सरळ गेली. मग माझ्या लक्षात आलं की रेघ संपल्यावर मी खांदे पाडून 'हुश्श' करत नव्हतो. करायची गरजच उरली नव्हती.

महिने गेले. पहिला महिना मी फक्त बायकोच्या धाकाने गेलो. दुसऱ्या महिन्यात रात्री मुंग्यांनी उठणं थांबलं. सलग झोप म्हणजे काय असते ते मी विसरलोच होतो. सकाळी उठून खिडकीत उभं राहावं आणि उगाचच बरं वाटावं, असं माझ्यासारख्या माणसाला पन्नाशीनंतर होऊ लागलं. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी भावाने मशीन थांबवलं आणि माझ्याकडे बघत बसला.

"काय झालं?"

"दादा, बरं वाटत नाही का तुला?"

"मला काय धाड भरली आहे?"

"सकाळपासून ओरडला नाहीस."

बायको खिडकीत खाली मान घालून हसत होती. मला राग यायला हवा होता, पण आला नाही, त्याचाच थोडा राग आला.

चौथ्या महिन्यात खडूचा खरखरीतपणा अंगठ्याला जाणवला. मी खडू खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. अंगठा आणि मधलं बोट जागं झालं होतं. तर्जनी मात्र अजून अर्धवट झोपेत होती, आणि कात्रीला वाट दाखवते ती तर्जनी. त्या चार महिन्यांत मी मोठं काम घेतलंच नव्हतं. पायजमे, शर्ट, फारतर एखादं जाकीट. कोट कापायला मी घाबरत होतो.

पाचव्या महिन्यात सर कापड घेऊन आले. उत्तम, गडद राखाडी लोकरी कापड. "मास्तर, पंधरवड्याने, शनिवारी, शाळेत माझा निरोप समारंभ आहे. कोट तुमच्याच हातचा पाहिजे."

मी कापडावरून हात फिरवला. ते गेल्यावर भावाला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं, "हा कोट साधला तर मी कापत राहीन. नाही साधला तर मी कात्री ठेवली. मग तू कापायचं."

"मी?" भाऊ म्हणाला. तिथेच त्याच्या कपाळावर घाम आला.

"तुला जमत नसेल तर पाट्या बदलू. 'येथे चेन बदलून मिळेल.'"

कोट मी सरांच्या जुन्या मापाने कापला. आमच्या दुकानाची ही रीतच. एकदा माणसाचं माप वहीत चढलं की पुन्हा टेप लावायची नाही. जुन्या गिऱ्हाइकाला टेप लावणं म्हणजे त्याला 'तुम्ही सुटलात' असं तोंडावर सांगणं. पोट किती वाढलं ते नजरेनं बघायचं आणि गुपचूप तेवढं कापड वाढवायचं. अंगात जे काही वाकडं असेल तेही असंच गुपचूप सांभाळायचं. सरांच्या पानावर उजव्या खांद्यापाशी खाली जाणारा बाण होता, बाजूला पाऊण इंच. म्हणजे उजवा खांदा पाऊण इंच पडलेला. पाठीपाशी अर्धगोल होता, म्हणजे पाठीला पोक. तेव्हा कोटाची पाठ लांब ठेवायची, पुढची बाजू त्या मानाने आखूड, आणि उजव्या खांद्यात जाड पॅड भरायचं. पंचवीस वर्षांत मी सरांना सात कोट शिवले आणि सातही अंगावर चोख बसले. सरांना वाटायचं आपला बांधा चांगला आहे. तसं वाटायला लावणं, यालाच तर आम्ही कारागिरी म्हणतो.

मी श्वास सोडत कापलं. कात्री सरळ गेली. तर्जनीला कापड नीट कळत नव्हतं, पण डोळ्यांना रेघ दिसत होती. भावाने कच्चे टाके घातले. समारंभाच्या सहा दिवस आधी सर ट्रायलला आले.

त्यांनी कोट चढवला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

उजव्या खांद्यावर कोणी आतून पाव ठेवल्यासारखा उंचवटा आला होता. कॉलरच्या खाली पाठीवर आडवी जाड घडी पडली होती. पुढची बाजू वर चढून दोन्हीकडे फाकली होती. नवशिक्याने पहिला कोट कापला तर तो असा दिसतो. मी सरांभोवती फिरलो, ओढलं, सारखं केलं. काही उपयोग नाही.

सर आरशात बघून म्हणाले, "छान आहे की." भला माणूस.

"सर, परवा या. जरा टाके बदलतो," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी कोट टेबलावर पसरला आणि वहीतल्या मापाशी ताडून बघितला. टेपने मोजलं तर सगळं बरोबर येत होतं, पण मोजायचं ते या बधिर बोटांनीच! मला खात्री झाली की माझा हातही गेला आणि मोजही गेली. पाच महिने जमिनीवर पाय वर करून मिळवलं काय? मी कात्री उचलली आणि भावाच्या मशीनवर ठेवली.

"घे. आजपासून तुझी."

"दादा, असं नको करूस."

"घे म्हटलं ना!"

भावाने कात्रीकडे साप बघावा तसं बघितलं. बायकोच्या हातात काज होतं, ते तिने पुरं केलं, दोरा तोडला आणि मग म्हणाली, "जेवून घ्या दोघं." त्या दिवशी मी जेवलो नाही. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं आणि भावासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी गोदामात जाऊन उगाच रिकामे खोके आवरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातच पडून राहिलो.

"सात वाजत आले," बायको म्हणाली.

"आता कशाला जायचं? कात्री गेली."

"तिथे कात्री लागत नाही. उठा."

कुरकुरत तयार झालो, मुद्दाम रेंगाळत गेलो. पोहोचलो तेव्हा वर्ग सुरू झाला होता. पहिल्या रांगेतली माझी जागा भरली होती. सिस्टरने डोळ्यांनीच मागची रांग दाखवली. मी जाऊन उभा राहिलो. समोर भूगोलाच्या सरांची पाठ.

पाच महिन्यांत वर्गात मी सरांची पाठ एकदाही पाहिली नव्हती. ते मागे असायचे आणि मी पुढे. पुढच्या माणसाला फक्त सिस्टर दिसते, आणि तिच्याकडे बघत असताना दुसरीकडे बघायची हिंमत कोणाची?

"ताठ उभे राहा," सिस्टर म्हणाली. "टाचा जुळवा. डोळे मिटा. डोकं कोणीतरी वरून अलगद ओढतंय असं समजा."

सगळ्यांनी डोळे मिटले. माझे मिटेनात. मी सरांच्या पाठीकडे बघत होतो, कारण तीच पाठ मला आदल्या दिवसापासून छळत होती. मग सिस्टर म्हणाली, "आता हात खांद्यांच्या रेषेत दोन्ही बाजूंना पसरा." सरांनी हात पसरले. त्यांच्या पुढे खिडकी होती आणि खिडकीचा आडवा गज नेमका त्यांच्या खांद्यांच्या उंचीला दिसत होता. डावा खांदा गजाला टेकलेला. उजवा खांदा गजाला टेकलेला.

मी डोकं डावीकडे झुकवून बघितलं. उजवीकडे झुकवून बघितलं. पाऊण इंच कुठे गेला?

मग पाठ पाहिली. मानेपासून कमरेपर्यंत दोरी सोडल्यासारखी सरळ. पोक नव्हतं. वहीतला अर्धगोल या माणसाच्या अंगावर राहिलाच नव्हता.

"सर! तुमचा खांदा!" मी ओरडलो.

वीस माणसांनी डोळे उघडले. एकजण तोल जाऊन शेजाऱ्यावर पडला. सिस्टर म्हणाली, "मास्तर, काय चाललंय?" पण तोवर मी खिशातून टेप काढली होती. टेप माझ्या खिशात कायम असते. टाचण्या बाहेर ठेवायला सांगितलं होतं, टेपेबद्दल ती काही बोलली नव्हती. मी सरांच्या मानेपासून एका खांद्याचं टोक मोजलं, मग दुसऱ्याचं. जमिनीपासून दोन्ही खांद्यांची उंची मोजली. मागून मोजलं, पुढून मोजलं.

"सारखे आहेत," मी म्हणालो. "दोन्ही खांदे सारखे आहेत!"

"मग ते कसे असायला पाहिजेत?" सरांनी विचारलं.

आणि जी गोष्ट आमच्या दुकानात दोन पिढ्या कोणी गिऱ्हाइकाला सांगितली नव्हती, ती मी भर वर्गात सांगून टाकली. "तुमचा उजवा खांदा पाऊण इंच खाली होता. पाठीला पोक होतं. पंचवीस वर्षं मी ते पॅड घालून झाकतोय. आणि कालचा कोट मी त्याच मापाने कापला. माझा हात चुकला नाही सर, तुम्ही सरळ झालात!"

"पंचवीस वर्षं तुम्हाला माहीत होतं? आणि एका शब्दाने बोलला नाहीत?" सरांनी विचारलं.

"धंद्याची रीत आहे. सांगत नाहीत."

"अहो, मला तीस वर्षं तो खांदा दुखत होता! शाळेत नकाशांची गुंडाळी त्याच खांद्यावरून नेत होतो. तुम्ही नुसतं बोलला असता तरी मी ती दुसऱ्या खांद्यावर घेतली असती."

मला आमची रीत फार सभ्य वाटत आली होती. वडिलांना ती सभ्य वाटायची, मलाही. कोणाचं मन दुखवायचं नाही म्हणून आम्ही त्यांचा खांदा दुखू दिला, हे कधी मनातच आलं नाही. मी सरांची माफी मागितली. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती जरा मोठ्याने मागितली गेली.

सरांना राग धरता येत नाही. ते लगेच म्हणाले, "ते जाऊ दे. आता खांदे कसे म्हणालात? पुन्हा सांगा." मी सांगितलं. त्यांनी शेजारच्याला सांगितलं. सिस्टर हाताची घडी घालून उभी होती. "दोन वर्षं मी याच खांद्याच्या मागे लागले होते," ती म्हणाली. "मला कोणी टेप लावून दाखवलं नाही." मग सगळेच माझ्याभोवती जमले, आमचंही बघा, आमचंही बघा. त्या दिवशी वर्गात आसनं कमी आणि मापं जास्त झाली. सिस्टरने मला दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं जास्त उभं करून त्याचा वचपा काढला.

मी दुकानात धापा टाकत शिरलो. भाऊ त्या दिवशी लवकर येऊन राखाडी कापडाच्या एका तुकड्यासमोर कात्री धरून उभा होता. अंगावरचा सदरा घामाने चिंब.

"दे ती कात्री."

त्याने ती इतक्या झटकन दिली की माझ्या बोटालाच लागायची. "दादा, देव पावला," तो म्हणाला आणि मशीनवर बसून तोंड पुसलं.

मी टाके उसवले. उजव्या खांद्यातलं पॅड काढून फेकलं. कॉलरखालचं जादा कापड कापून टाकलं. पुढच्या बाजूला खाली दीड इंच माया, म्हणजे राखीव कापड, दुमडलेलं होतं, ते सोडलं. मुंढा नव्याने बेतला. सगळं श्वास सोडत, घाई न करता. एका ठिकाणी लोकर तर्जनीला किंचित बोचली. मी थांबलो आणि तेवढी जागा पुन्हा चाचपून पाहिली. बोचत होती. इतका आनंद मला पहिल्या कोटाच्या वेळीही झाला नव्हता.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सरांनी कोट घातला. खांद्यावर सुरकुती नाही, पाठीवर घडी नाही. त्या कोटात झाकलेलं असं काही नव्हतं. होता तो माणूस होता आणि त्याच्या अंगावर कापड होतं. सर आरशात स्वतःकडे पाठ करून, मान वळवून बघत राहिले. "एवढं सरळ मी कधी उभा होतो?" ते म्हणाले. मला त्यांचा हेवा वाटला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

समारंभ पार पडला. पुढच्या आठवड्यात दोन नवीन कोटांची कामं आली. मी खुशीत होतो. अशा खुशीत माणसाला कोणाला तरी काही द्यावंसं वाटतं. कपाटात मऊ, मातकट रंगाचं चांगलं कापड होतं, ते काढून मी खिडकीपाशी गेलो.

"उठ जरा. तुला कोट शिवतो."

"कशाला? मागचा आहे की."

"मागचा दहा वर्षांचा झाला. उठ, माप घेऊ दे."

"माझं माप?" ती हसली. "ते तर तुमच्या डोक्यात आहे. लग्न झाल्यापासून एकदाच घेतलंय तुम्ही."

"म्हणूनच म्हणतोय, उठ."

ती हातातलं काम बाजूला ठेवून उभी राहिली. मी टेप लावली. मागून, मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत. मग पुढून. माझ्या डोक्यात मागचं माप सोळा इंच होतं आणि पुढचं साडेसोळा. टेपेवर मागचं सव्वासतरा आलं, पुढचं साडेपंधरा. मी पुन्हा मोजलं. तेच आलं.

तिच्या पाठीवरून मी हात फिरवला. जागा झालेला हात होता, सगळं कळत होतं. मानेखाली गोल उंचवटा होता. खांदे पुढे आले होते. इतकी वर्षं या खिडकीत खाली वाकून, इंचाइंचावर टाका घालत. मी सहा फुटांवर टेबलापाशी उभा असायचो, रोज, आणि मला तिचं लग्नाच्या वेळचं सोळा-साडेसोळा इंचाचं माप पाठ होतं.

सांगायचं नाही ही आमची रीत. ती मी एकदा मोडली होती, आता दुसऱ्यांदा मोडली.

"तुझ्या पाठीला पोक आलंय," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"माहीत आहे? कसं?"

"दुखते की ती. संध्याकाळी तर जास्तच."

"मग कधी बोलली नाहीस?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या हाताचं चाललं होतं ना."

टाचणी टोचल्यापासून सारं घर मी माझ्या तीन बोटांभोवती फिरवलं होतं. मी जमिनीवर पडून श्वास मोजत होतो, तेव्हा ही सात वाजता कुलूप काढून, शटर उचलून, दुखरी पाठ घेऊन इथे येऊन बसत होती. मला लाज वाटली आणि तिच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की काय करावं कळेना, म्हणून मी टेप गुंडाळत राहिलो.

"हा कोट मी आत्ता कापणार नाही," शेवटी मी म्हणालो.

"का हो?"

"सहा महिन्यांनी पुन्हा माप घेऊन कापेन. उद्यापासून तूही वर्गाला चल."

"आणि दुकान कोण उघडणार? भावजी पोरांना शाळेत सोडून नऊला येतात."

"नऊलाच उघडेल मग."

वडिलांच्या काळापासून आमचं दुकान आठनंतर कधी उघडलं नव्हतं. ती पुन्हा स्टुलावर बसली, सुईत दोरा ओवला, गाठ मारली.

"साडेआठला उघडू," ती म्हणाली. "आठला सुटतो ना वर्ग?"